सरळ पाते, घरची मूठ : देवगिरीच्या टापूतील खांडा आणि त्याचा साज

तलवार म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बहुधा वाकडे, एकधारी पाते उभे राहते. चित्रांनी, पुतळ्यांनी आणि नाटकांनी ती प्रतिमा इतकी पक्की केली आहे की त्याहून जुन्या अशा सरळ, दुधारी खड्गाची परंपरा मागे पडल्यासारखी झाली आहे. वास्तविक खांडा, पट्टा आणि धोप ही नावे मराठीत आजही जिवंत आहेत, आणि ती सगळी सरळ पात्याच्या शस्त्रांची आहेत. या परंपरेचा मागोवा घेण्यासाठी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, आणि त्याच्या आसपासचा वेरूळ, देवगिरी, खुलताबाद हा टापू विशेष सोयीचा आहे, कारण सहाव्या शतकातील शिल्पापासून आजच्या खंडेनवमीपर्यंतचे तिचे बरेचसे टप्पे येथे काही कोसांच्या अंतरात सापडतात. हे टप्पे एकापुढे एक मांडले असता असे दिसते की पाते कोठूनही आलेले असू शकते, दुसऱ्या प्रांतातून किंवा समुद्रापलीकडूनही. परंतु ते कोणाचे झाले हे त्याच्या साजावरून ठरते. साज या शब्दात येथे मूठ, म्यान, त्यांवरील धातुकाम आणि पात्यावर कोरलेली अक्षरे या सर्वांचा समावेश केला आहे. जपानमधील सरळ दुधारी तलवार, जिला तेथे 'केन' किंवा 'त्सुरुगी' म्हणतात, हिचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो, आणि तिच्या साजाचा एक धागा तर भारतातील बौद्ध परंपरेपर्यंत मागे नेता येतो.

नावे, मापे आणि मुठीचे साहित्य

संस्कृत ग्रंथांत खड्गाचे वर्गीकरण फार पूर्वीपासून आढळते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निस्त्रिंश, मंडलाग्र आणि असियष्टी असे खड्गाचे तीन प्रकार दिले आहेत. मंडलाग्र म्हणजे ज्याचे टोक गोलसर आहे ते, आणि असियष्टी म्हणजे काठीसारखे लांब व सडपातळ पाते. त्याच ठिकाणी मुठीसाठी वापरायच्या साहित्याची यादीही आहे, आणि तीत गेंड्याचे व म्हशीचे शिंग, हस्तिदंत, लाकूड आणि बांबूचे मूळ यांचा उल्लेख येतो. मुठीला तेथे 'त्सरु' हा स्वतंत्र शब्द आहे, आणि पात्याच्या प्रकारांइतकीच तिच्या साहित्याचीही नोंद राजकारणावरच्या ग्रंथात घ्यावीशी वाटली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'खड्गलक्षण' नावाचे प्रकरण असून तेथे पन्नास अंगुळे लांबीचे, म्हणजे सुमारे तीन फुटांचे, खड्ग उत्तम आणि पंचवीस अंगुळांचे कनिष्ठ मानले आहे. पात्यावरील व्रणांवरून, म्हणजे नैसर्गिक डागांवरून, शुभाशुभ फल सांगण्याची रीतही त्यात आहे. खड्ग हे केवळ लढाईचे साधन नसून धन्याच्या भाग्याशी बांधलेली वस्तू आहे, ही समजूत यातून दिसते, आणि पुढे शस्त्रपूजेच्या रूपाने ती टिकून राहिलेली आढळते.

मराठीतील 'खांडा' हा शब्द साधारणपणे रुंद, सरळ आणि दोन्ही बाजूंना धार असलेल्या जड तलवारीसाठी वापरला जातो. 'धोप' ही त्यापेक्षा लांब, अरुंद आणि हलक्या सरळ तलवारीची संज्ञा आहे. 'पट्टा' किंवा 'दांडपट्टा' या शस्त्राचे पाते लांब, लवचिक आणि सहसा दुधारी असते, आणि त्याची मूठ म्हणजे कोपराच्या दिशेने हात झाकणारा लोखंडी 'खोबळा' असतो. या खोबळ्यातून पाते बाहेर पडते त्या जागी सिंह, हत्ती किंवा मगरीचे मुख घडवण्याची पद्धत होती. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला, तेव्हा अप्रत्यक्षपणे सरळ पात्याच्या या जुन्या कुळालाच मान मिळाला असे म्हणता येईल.

लेण्यांतील खड्ग

संभाजीनगर शहराच्या उत्तरेकडील डोंगरात, बीबी का मकबऱ्याच्या पलीकडे, जी बौद्ध लेणी आहेत त्यांपैकी सातव्या क्रमांकाच्या लेण्याच्या दर्शनी भागात अवलोकितेश्वराचे एक मोठे शिल्प आहे. अवलोकितेश्वर हा करुणेचा बोधिसत्त्व, आणि बोधिसत्त्व म्हणजे स्वतःच्या निर्वाणापेक्षा इतरांच्या सुटकेला अग्रक्रम देणारा बुद्धत्वाचा साधक. शिल्पात त्याच्या दोन्ही बाजूंना आठ महाभयांची लहान दृश्ये कोरली आहेत: अग्नी, शत्रूची तलवार, बेड्या, जहाज बुडणे, सिंह, सर्प, हत्ती आणि मृत्युरूपी राक्षस. व्यापारी मार्गावरून फिरणाऱ्या माणसाला ज्या संकटांची धास्ती वाटे त्यांची ही यादी आहे, आणि तलवार येथे केवळ भयाचे रूप घेऊन येते.

वेरूळ येथे हेच शस्त्र वेगळ्या भूमिकेत दिसते. तेथील चौतीस लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध असून त्यांतील शेवटची, 'तीन ताल' या नावाने ओळखली जाणारी तीन मजली लेणी, साधारणपणे आठव्या शतकाच्या पूर्वार्धातील मानली जाते. तिच्यात तीन आडव्या आणि तीन उभ्या रांगा अशा नऊ चौकटींची शिल्पे आहेत, ज्यांत मध्यभागी बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व बसवले आहेत. अशा रचनेला 'मंडल' म्हणतात. ध्यान करणाऱ्याने विश्वाचा आराखडा मनात उभा करावा यासाठी तिची योजना असते. आठही आकृती जवळपास सारख्या असल्याने त्या हातातील चिन्हांवरून ओळखाव्या लागतात: अवलोकितेश्वराचे कमळ, वज्रपाणीचे वज्र, मंजुश्रीची पोथी, आणखी एकाचा ध्वज, आणि त्यांच्यातच एकाच्या वाट्याला आलेले सरळ खड्ग. येथे खड्ग मारणाऱ्याच्या हातात नाही. अज्ञान छेदणाऱ्या ज्ञानाचे ते चिन्ह झाले आहे. शहराजवळच्या डोंगरातील भयापासून वेरूळच्या मंडलातील बोधापर्यंतचे हे अंतर पाऊण-एक दिवसाच्या पायी वाटचालीचे असले, तरी विचाराच्या दृष्टीने ते फार मोठे आहे.

ज्या काळात वेरूळच्या डोंगरात ही मंडले कोरली जात होती, साधारण त्याच काळात मंडलांची ही विद्या चीनमध्ये पोहोचत होती. नालंदेत शिकलेला आचार्य शुभाकरसिंह (६३७–७३५) याने तेथे यि-शिंग या चिनी भिक्षूच्या साहाय्याने महावैरोचनसूत्राचे चिनी भाषांतर केले. पुढे ८०४ मध्ये कूकाई नावाचा जपानी भिक्षू चीनला गेला आणि ८०६ मध्ये या परंपरेचे ग्रंथ, मंडलचित्रे व पूजासाहित्य घेऊन परतला. जपानमधील शिंगोन पंथ त्यानेच स्थापन केला. या पंथात 'अचल' या देवतेला, जपानीत 'फुदो म्योओ' हिला, मोठे महत्त्व असून तिच्या उजव्या हातात सरळ दुधारी खड्ग आणि डाव्या हातात पाश असतो. वेरूळला पोथी धरणारा मंजुश्रीही जपानमध्ये अनेकदा खड्ग उगारलेला दिसतो.

जपानी केनच्या साजातील सर्वांत लक्षणीय भाग येथूनच आला आहे. देवळांसाठी घडवलेल्या अनेक केनची मूठ वज्राच्या आकाराची, म्हणजे दोन्ही टोकांना पाकळ्यांसारखे तीन दाते असलेली, असते. तिला 'सान्कोझुका' म्हणतात. वेरूळच्या मंडलात वज्र एका बोधिसत्त्वाच्या हाती आणि खड्ग दुसऱ्याच्या हाती आहे. जपानमध्ये ही दोन्ही चिन्हे एका वस्तूत मिळाली आणि वज्राची मूठ झाली. काही पात्यांवर खड्गाला विळखा घालणारा नाग, ज्याला 'कुरिकारा' म्हणतात, कोरलेला असतो, तर काहींवर सिद्धम् लिपीतील बीजाक्षरे असतात. ही लिपी ब्राह्मीच्या गुप्तकालीन रूपातून निघालेली, म्हणजे देवनागरीची दूरची बहीण आहे. जपानी लोहाराने पोलादावर कोरलेले अचलाचे 'हां' हे बीज मराठी वाचकाला उच्चारापुरते तरी परके वाटणार नाही.

खांड्याची मूठ

वेरूळच्या ब्राह्मणी लेण्यांतही महिषासुरमर्दिनीच्या आणि इतर देवतांच्या हातांत खड्गे आहेत, आणि मध्ययुगाच्या आरंभीच्या भारतीय शिल्पांत सर्वत्र दिसते त्याप्रमाणे त्यांची पाती सरळ व मुठी आखूड आहेत. बोटांचे रक्षण करणारी आडवी पट्टी त्या मुठींना नाही. हाताला पूर्ण संरक्षण देणारी मूठ सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सुमारास सर्वत्र रूढ झाली, आणि खांडा म्हणून आज संग्रहालयांत दिसणारे शस्त्र प्रामुख्याने या नव्या मुठीचे आहे.

या मुठीची रचना अशी असते. पाते जेथे मुठीला भेटते तेथे रुंद लोखंडी पत्रा असतो, त्याच्या आतल्या बाजूला मखमलीची भरीव गादी बसवतात, म्हणजे घावाचा हादरा बोटांना लागत नाही. पत्र्यापासून वरपर्यंत बोटांसमोरून वळत जाणारी पट्टी असते. तिला 'परज' म्हणतात, आणि तलवार परजणे हा मराठी वाक्प्रचार याच शब्दाच्या कुळातला आहे. वरच्या टोकाला वाटीसारखी चकती आणि तिच्यातून बाहेर आलेली बोटभर ते वीतभर लांबीची टोकदार दांडी असते, जी दोन्ही हातांनी घाव घालताना दुसऱ्या हाताला धरायला उपयोगी पडते आणि तलवार म्यानात असताना तिच्यावर हात टेकवून उभे राहता येते. खांड्याचे पाते टोकाकडे रुंद होत गेल्याने त्याचा भार पुढे असतो. त्यामुळे ते भोसकण्यापेक्षा तोडण्यासाठी अधिक योग्य ठरते, आणि हा भार पेलण्यासाठीच मुठीजवळच्या भागात पात्याच्या कडांना जाळीदार किंवा नक्षीदार पोलादी पट्ट्या जोडून बळकटी दिलेली असते. या पट्ट्या पुढे शोभेचाच भाग झाल्या, तरी त्यांचा उगम गरजेत आहे.

दख्खनी तलवारीत पात्याचा मुठीत शिरणारा भाग आखूड असतो आणि लाख व राळ यांचे मिश्रण तापवून ओतून तो आत पक्का केला जातो. मूठ पुन्हा तापवली की हे मिश्रण सैल होते आणि पाते काढून दुसऱ्या मुठीत बसवता येते. जपानी तलवारीत हेच काम बांबूची एक छोटी खुंटी, 'मेकुगी', करते. ती मुठीच्या व पात्याच्या शेपटीच्या आरपार जाते, आणि ती काढली की सगळा साज सुटा होतो. दोन्ही परंपरांत पाते आणि साज यांची आयुष्ये अशी वेगवेगळी मोजता येतात. एकाच पात्याला पिढ्यान्‌पिढ्या नवे साज चढलेले असू शकतात. फरक नाव लिहिण्याच्या जागेत आहे: जपानी लोहार आपली सही मुठीत दडणाऱ्या शेपटीवर कोरतो, तर दख्खनेत बहुधा कारागिराचे नाव अज्ञात राहते आणि धन्याचे नाव मात्र सर्वांना दिसेल असे कोरले जाते.

फिरंग : समुद्रावरून आलेले पाते

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यानंतर कोकण किनाऱ्यावरील बंदरांतून युरोपीय पाती दख्खनेत येऊ लागली. जर्मनीतील झोलिंगेन आणि पासाऊ, स्पेनमधील तोलेदो, इटलीतील जेनोवा या ठिकाणांशी जोडलेल्या खुणा, उदाहरणार्थ धावता लांडगा किंवा समोरासमोर ठेवलेले दातेरी चंद्रकोरीसारखे शिक्के, येथील अनेक पात्यांवर दिसतात. आणि या खुणांना बाजारात मोल आहे हे ओळखून स्थानिक लोहारांनीही त्यांच्या नकला केल्या. अशा सरळ, लांब आणि उथळ पन्हळींच्या पात्याला 'फिरंग' हे नाव पडले, जे युरोपीयांसाठी वापरल्या जाणाऱ्या 'फिरंगी' या फारसीतून आलेल्या शब्दाशी निगडित आहे.

ही आयात पोलादाच्या उणिवेतून झाली असे मानता येत नाही. मराठवाड्याला लागून असलेल्या तेलंगणात, निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम् येथे, मुशीत वितळवून बनवलेले उत्तम पोलाद तयार होत असे, आणि ते विकत घेण्यासाठी इराणी व्यापारी तेथे येत, असे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे गेलेल्या वॉयसे या इंग्रज शास्त्रज्ञाने नोंदवले आहे. त्या पोलादाची जव्हारदार, म्हणजे पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटलेली पाती जगभर नावाजली होती. फिरंगेचे आकर्षण वेगळे होते: ते पाते लांब असूनही हलके व लवचिक असे, आणि घोड्यावरून दूरवर घाव घालणाऱ्या स्वाराला ते सोयीचे पडे. घोडदळ हाच ज्या युद्धपद्धतीचा कणा होता तिला हे पाते मानवले यात नवल नाही. मात्र युरोपीय मूठ येथे कोणी स्वीकारल्याचे क्वचितच दिसते. पाते उतरवून घ्यायचे आणि त्याला आपल्या घाटाची, गादीची आणि परजेची मूठ बसवायची, हीच रीत राहिली.

संभाजीनगर शहराचा जन्म याच काळातला आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी येथे हे शहर वसवले. त्याच्यानंतर त्याचा मुलगा फतेहखान याने त्याला फतेहनगर म्हटले. १६३३ मध्ये देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा, किल्ला मोगलांकडे गेला, आणि १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने शहराला औरंगाबाद हे नाव दिले. मलिक अंबराच्या चपळ घोडदळात मराठा स्वार मोठ्या संख्येने होते, आणि पुढे हे शहर मोगलांच्या दख्खनी कारभाराचे केंद्र झाल्यावर उत्तरेतील सरदारांची पथके येथे मुक्कामाला राहिली. त्यामुळे दख्खनी, मराठी, मोगल आणि राजपूत असे सर्व घाट एकाच शहरात शेजारी नांदले.

राजपुतांचे पुरे आणि अदोनीची शस्त्रे

या मुक्कामांच्या खुणा शहराच्या नकाशावर आजही आहेत. कर्णपुरा, पदमपुरा आणि केसरसिंगपुरा ही नावे बिकानेरच्या राजघराण्यातील कर्णसिंह, पद्मसिंह आणि केसरीसिंह यांची, तर जसवंतपुरा व जयसिंगपुरा ही मारवाड आणि आमेरच्या राजांची आठवण देतात. राजपुतांमध्ये खांड्याला कुळाच्या प्रतिष्ठेचे स्थान होते, आणि पद्मसिंहाच्या तलवारीविषयी तर एक आख्यायिका कर्नल टॉडच्या राजस्थानविषयक ग्रंथात नोंदवली गेली आहे: भावाच्या हत्येचा सूड त्याने दरबारातच घेतला आणि तलवारीचा घाव इतका जबर होता की त्याची खूण खांबावर उमटली. आख्यायिकेतला अतिशयोक्तीचा भाग वगळला, तरी तलवार ही व्यक्तीच्या नावाने ओळखली जात होती, एवढे त्यातून निश्चित होते.

याच घराण्यातील अनुपसिंहाने दख्खनच्या मोहिमांत भाग घेतला, आणि १६८९ मध्ये अदोनीचा किल्ला मोगलांच्या हाती आल्यावर तेथील शस्त्रागारातील शस्त्रे बिकानेरला नेली गेली. या शस्त्रांवर ठिपक्यांच्या रेषेत कोरलेले देवनागरी लेख आहेत, आणि त्यांमुळे अदोनीचे म्हणून ओळखता येणारे खांडे, तलवारी आणि कट्यारी आज जगभरातील संग्रहालयांत दख्खनी शस्त्रांच्या कालनिर्णयाचा आधार ठरल्या आहेत. दक्षिणेतील लोहाराने घडवलेली आणि एका दख्खनी किल्ल्यात साठवलेली वस्तू ठिपक्यांच्या दोन ओळींनी बिकानेरची झाली. हे लेख शोभेसाठी कोरलेले नाहीत. परंतु मालकी पक्की करण्याचे जे काम एरवी सोन्याची नक्षी करते, तेच येथे छिन्नीच्या टोकाने केले आहे.

साजाचे कारागीर

तलवार एका हाताची निर्मिती नसे. पाते लोहाराचे, त्याला घासून-पुसून पाणी चढवणारा आणि धार लावणारा तो शिकलगार, लाकडी म्यानावर चामडे किंवा मखमल चढवणारा तो जिनगर, ज्याचे नाव जीन म्हणजे खोगीर करण्याच्या मूळ व्यवसायावरून पडले, आणि लोखंडावर सोन्या-चांदीचे काम करणारा तो कोफ्तगर. म्यानाच्या तोंडाशी बसवलेल्या धातूच्या भागाला 'मुहनाळ' आणि तळाच्या टोपणाला 'तहनाळ' म्हणतात. लाकूड फाटू नये आणि पात्याच्या अणीने म्यानाचा तळ भेदू नये, हे त्यांचे मूळ काम, आणि त्यांच्यावरची जाळी किंवा फुलवेल हा त्यावरचा साज.

कोफ्तगरीची पद्धत अशी आहे की प्रथम लोखंडाचा पृष्ठभाग बारीक आडव्या-उभ्या रेघांनी खडबडीत करतात, मग सोन्याची तार नक्षीप्रमाणे त्याच्यावर ठेवून हातोडीने ठोकतात, म्हणजे मऊ सोने त्या रेघांत घट्ट बसते. शेवटी घोटून चकाकी आणतात. 'तहनिशान' हा तिचा अधिक खर्चिक भाऊ. त्यात लोखंडात खोल खोबण कोरून तीत सोने बसवतात. कोफ्तगरीत सोने थोडे लागते पण ते झिजते, आणि तहनिशानात सोने अधिक लागते पण ते टिकते. म्हणून मुठीच्या झिजण्यावरून तिच्या कामाची जात आणि वापराचे प्रमाण, दोन्ही वाचता येतात. ज्या मुठीचे सोने नेमके तळहात लागतो तेथेच उडाले आहे ती मूठ हाताळली गेलेली असते, आणि जिचे सोने सर्वत्र सारखे आहे ती बहुधा नजराण्याची असते. मोगल दरबारात खिलतीबरोबर, म्हणजे मानाच्या पोशाखाबरोबर, तलवार देण्याचा प्रघात असल्याने अशा नजराण्याच्या तलवारींना दख्खनेत मोठी मागणी होती.

जपानमध्येही साजाची कारागिरी पात्यापासून वेगळी होऊन स्वतंत्र कला बनली होती. हाताचे रक्षण करणारी सपाट चकती 'त्सुबा', मुठीच्या फितीखाली बसवलेली छोटी अलंकारशिल्पे 'मेनुकी', आणि तांब्यात थोडे सोने मिसळून विशिष्ट प्रक्रियेने काळानिळा रंग आणलेला 'शाकुदो' हा मिश्रधातू, ही तिची वैशिष्ट्ये होत. पंधराव्या शतकापासून गोतो हे घराणे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आले. सरळ केन मात्र तोवर रणांगणातून निघून गेली होती. दहाव्या शतकाच्या सुमारास जपानमध्ये घोडेस्वाराला सोयीची वाकडी, एकधारी तलवार रूढ झाली, आणि केन देवळांत अर्पण करण्याची, व्रताची आणि चिन्हाची वस्तू म्हणून उरली.

अक्षरांचा साज

साजाने पात्याची ओळख बदलते याचे अलीकडचे आणि ठळक उदाहरण म्हणजे नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक, 'सेनासाहेब सुभा' हा किताब छत्रपती शाहू महाराजांकडून मिळवलेले पहिले रघुजी भोसले यांची तलवार. २०२५ मध्ये लंडनमधील लिलावात महाराष्ट्र शासनाने ती सुमारे सत्तेचाळीस लाख रुपयांना मिळवली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणण्यात आली. तिचे पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचे आहे. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या कोफ्तगरीची आहे. आणि पात्याच्या पाठीवर मुठीजवळ देवनागरी अक्षरांत सोन्याने रघुजींचे नाव, त्यांचा किताब आणि शेवटी 'फिरंग' हा शब्द लिहिला आहे. पात्याचे परकेपण येथे लपवलेले नाही, उलट ते नावातच मिरवले आहे. तरीही मूठ आणि लेख यांमुळे ही तलवार निःसंशय मराठ्यांची ठरते.

याच्याशी ताडून पाहण्यासारखी एक सरळ दुधारी तलवार जपानमध्ये आहे. इनारियामा येथील प्राचीन दफनटेकाडातून १९६८ मध्ये एक गंजलेले लोखंडी खड्ग निघाले, आणि दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, क्ष-किरण तपासणीत त्याच्यावर सोन्याने भरलेली ११५ अक्षरे आढळली. पाचव्या शतकातील एका योद्ध्याने आपल्या आठ पिढ्यांची नावे आणि राजसेवेचा अभिमान त्यांत नोंदवला आहे. चिनी लिपीत लिहिलेला हा लेख जपानच्या प्राचीन इतिहासाचा महत्त्वाचा पुरावा ठरला. तेथे चिनी अक्षरे आणि येथे युरोपीय पाते, अशी परकी वस्तू दोन्ही ठिकाणी आहे. आणि दोन्ही ठिकाणी सोन्यातील नावाने ती आपलीशी केली आहे.

शस्त्रबंदी, देव आणि खंडेनवमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही देशांत तलवार कमरेवरून उतरली. जपानमध्ये १८७६ च्या आज्ञेने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास मनाई झाली, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याविना शस्त्र बाळगण्यावर निर्बंध आले. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या संस्थानात असला, तरी तलवारीचा लष्करी उपयोग तेथेही संपत आला होता. जपानमधील कानो नात्सुओ (१८२८–१८९८) यासारखे साजाचे कारागीर नाणी, फुलदाण्या आणि लहान धातुशिल्पे यांकडे वळले. येथे शिकलगार चाकू, कात्र्या आणि शेतीची अवजारे यांना धार लावू लागला. कलेचा हात टिकला तो वस्तू बदलून.

खांडा मात्र त्याच्याही आधीपासून देवाच्या हाती सुरक्षित होता. खंडोबाच्या नावाची व्युत्पत्ती अनेक अभ्यासकांनी खांडा धारण करणारा देव अशी सांगितली आहे; मणी आणि मल्ल या दैत्यांना मारणाऱ्या या घोडेस्वार देवाच्या हातात खांडा, त्रिशूळ, डमरू आणि पात्र असते. संभाजीनगर शहराला लागून असलेल्या सातारा येथील खंडोबाच्या देवळात चंपाषष्ठीला यात्रा भरते, आणि जेजुरीला दसऱ्याच्या उत्सवात सुमारे ४२ किलो वजनाचा खांडा एका हाताने तोलण्याची, दातांत धरून उचलण्याची चढाओढ लागते. इतके वजन लढाईत कोणी चालवू शकत नाही. तो खांडा मुळातच देवासाठी घडलेला आहे, आणि या बाबतीत तो जपानच्या देवळातील केनचा सख्खा भाऊ शोभतो. माणसाच्या जागी खांडा उभा करण्याची रीतही मराठा सरदारांत होती: वराऐवजी त्याच्या खांड्याशी लग्न लावलेल्या पत्नीला 'खांडाराणी' म्हणत, आणि मल्हारराव होळकरांच्या खांडाराणी हरकूबाई यांचे नाव इतिहासात नोंदलेले आहे. त्याच होळकर घराण्यातील अहिल्याबाईंनी वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार केला, त्या मंदिरापासून खड्गधारी बोधिसत्त्वाचे मंडल चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आश्विन शुद्ध नवमीला मराठीत 'खंडेनवमी' म्हणतात, आणि त्या दिवशी शस्त्रांबरोबरच उपजीविकेच्या सर्व साधनांची पूजा होते. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीची यात्रा भरलेली असते, आणि शहराच्या दोन बाजूंना वाळूज आणि चिकलठाणा येथील कारखान्यांत यंत्रे धुऊन-पुसून त्यांना हळदकुंकू व झेंडूच्या माळा वाहिल्या जातात. रिक्षा, ट्रक, छापखान्याची यंत्रे, सुताराचा रंधा, सगळ्यांना हाच मान मिळतो. त्या यंत्रांपैकी पुष्कळशी जर्मनीत किंवा जपानमध्ये घडलेली असतात, जशी कधी काळी फिरंगेची पाती झोलिंगेनमध्ये घडलेली असत. झेंडूची माळ चढेपर्यंत ते यंत्र कारखान्याच्या मालमत्तेतील एक नोंद असते. माळ चढली की ते त्या कामगाराचे शस्त्र होते, आणि त्या दिवसाच्या नावात खांडा असतोच.